साध्या तारेच्या अँटेनावर ऑक्टोबरच्या जागतिक स्पर्धेत उतरता येईल काय?

प्रश्न (दर्यापूर तालुका)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मला यंदा हौशी रेडिओचा रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना मिळाला आहे. माझ्याकडे एक जुना एचएफ रिग (लघुलहरींवर बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ संच) असून तो मी ५० वॅटवर चालवतो. घर टिनाचे आहे, अंगणात एक उंच कडुनिंब आहे आणि विजेचा भरवसा नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी होणाऱ्या 'सीक्यू वर्ल्ड वाइड'च्या ध्वनी स्पर्धेत (ठरल्या वेळात बोलून जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क साधण्याच्या) भाग घ्यावा, अशी फार इच्छा आहे. एवढ्या सामग्रीवर परदेशी स्टेशने उत्तर देतील काय, आणि माझे इंग्रजी बेताचे असल्याने अडचण येईल काय? आणखी एक त्रास असा, की रात्री चाळीस मीटर तरंगलांबीच्या बँडवर सेकंदासेकंदाला 'टक् टक्' असा आवाज येतो आणि पहाटे दव पडल्यावर तो वाढतो.

उत्तर (आर्वीहून)

भाऊ, अवश्य उतरा. या स्पर्धेत आपण भारतात असणे हीच मोठी जमेची बाजू आहे. तिथे प्रत्येक नवा देश आणि प्रत्येक नवा झोन (जगाचे पाडलेले क्रमांकित विभाग) गुणक म्हणून, म्हणजे एकूण गुणांना गुणणाऱ्या आकड्यात, धरला जातो, आणि आपल्या झोन २२ मध्ये भारताबरोबर श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव असे मोजकेच देश येतात. त्यामुळे युरोपातल्या ऑपरेटरला आपला क्षीण आवाज ऐकू आला, तरी तो गर्दीतून तुम्हालाच शोधून काढील. वेगळ्या खंडाशी झालेल्या संपर्काला ३ गुण, आशियातल्याच दुसऱ्या देशाला १ गुण आणि भारतातल्या स्टेशनला शून्य गुण असतात, मात्र भारताचा गुणक प्रत्येक बँडवर एकदा मिळतो.

स्वतः 'सीक्यू' (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) पुकारत बसू नका. बँडच्या एका टोकापासून हळूहळू सरकत, जो स्पष्ट ऐकू येईल त्याचे कॉल साइन (स्टेशनचे ओळखचिन्ह) आधी कागदावर उतरवून घ्या, त्याचा संपर्क पूर्ण झाला की आपले कॉल साइन फक्त एकदा सांगा आणि थांबा. त्याने तुमचे कॉल साइन घेतले, की 'फाइव्ह नाइन, टू टू' (आवाज स्पष्ट, माझा झोन २२) एवढेच म्हणायचे. तो आपला झोन सांगेल, म्हणजे जपानी असेल तर २५, जर्मन असेल तर १४. संपूर्ण संभाषण एवढेच असते, त्यामुळे इंग्रजीची चिंता सोडा. आपल्या कॉल साइनचे 'व्हिक्टर युनिफॉर्म थ्री' (व्हीयू३) आणि पुढची अक्षरे मात्र जीभ अडखळणार नाही इतकी घोटून ठेवा.

स्पर्धा आपल्या वेळेनुसार शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. सकाळी पंधरा मीटरवर जपान आणि इंडोनेशिया शोधा, दुपारनंतर त्याच बँडवर आणि वीस मीटरवर युरोप उघडतो. रात्री चाळीस मीटर आहेच.

अँटेनासाठी चाळीस मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध तोडून तिथे रिगची केबल जोडलेली, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २० मीटर तार, मधोमध निंबावर शक्य तितक्या उंच बांधून दोन्ही टोके उतरती ओढा; हीच तार पंधरा मीटरवरही चालते. वीस मीटरसाठी एकूण सुमारे १० मीटर लांबीची तारांची दुसरी जोडी त्याच केबलला जोडा. टोकांवर प्रक्षेपणाच्या वेळी विजेचा मोठा दाब असतो, म्हणून ती माणसाच्या आणि गुराढोरांच्या आवाक्याबाहेर ठेवा. विजेच्या लाइनच्या वरून, खालून किंवा तुटली तर तिच्यावर पडेल इतक्या जवळून तार कधीही नेऊ नका. परतीच्या पावसाचे ढग दिसले, की केबल रिगपासून काढून घराबाहेर ठेवा.

उत्तर (दारव्ह्याहून)

तो 'टक् टक्' आवाज बहुधा कुणाच्या तरी शेतातल्या झटका मशीनचा (विजेच्या कुंपणाच्या यंत्राचा) असावा. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी आपल्याकडे धुऱ्याधुऱ्यावर ती कुंपणे झाली आहेत. मशीन सुमारे दर सेकंदाला एक झटका सोडते आणि जिथे तारेला गवत किंवा पऱ्हाटी टेकते, अथवा इन्सुलेटर तडकलेला असतो, तिथे ठिणगी पडून सगळ्या बँडवर खडखडाट होतो. दवाने ही गळती वाढते, म्हणून पहाटे त्रास जास्त. कुंपणवाल्या शेतकऱ्याला सोबत घेऊन अंधारात धुऱ्याने फिरा. ठिणगी डोळ्यांना निळसर दिसते आणि तिचा 'चट् चट्' आवाज कानांना ऐकू येतो. एक छोटा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर डायलवर स्टेशन नसलेल्या जागी लावून सोबत नेला तर जागा लवकर सापडते. मशीन बंद करूनच गवत काढावे. गळती थांबली की कुंपणाचा झटकाही जोरदार होतो, त्यामुळे शेतकरी आनंदाने मदत करतो, असा माझा अनुभव आहे. मोठा रिग घेण्यापेक्षा हा गोंगाट कमी करण्यात घातलेली संध्याकाळ मला अधिक मोलाची वाटते, कारण जे स्टेशन ऐकूच येत नाही त्याला कितीही वॅटने हाक मारून उपयोग नाही. दिवाळी त्याच सुमारास आली, तर घरच्या एलईडी माळाही तेवढा वेळ बंद ठेवाव्या लागतील.

विजेसाठी रिग थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा, इन्व्हर्टरमधून नको, कारण तोही गोंगाट करतो. बॅटरी उतरू लागली की आवाज फाटतो, म्हणून जाड आणि आखूड वायर वापरा.

उत्तर (चिखलीहून)

वरील माहितीत लॉगचे (संपर्कांच्या नोंदवहीचे) राहिले. एन१एमएम हे विनामूल्य सॉफ्टवेअर विंडोजवर चालते आणि वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदवून शेवटी कॅब्रिलो फाइल (स्पर्धेला लागणाऱ्या मांडणीतला लॉग) तयार करून देते. संगणकाचे घड्याळ आदल्या दिवशी जुळवून घ्या. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत ती फाइल स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवायची असते. १०० वॅटपर्यंतच्या लो पॉवर गटात तुमचे ५० वॅट बसतात. संपर्क दहाच झाले तरी लॉग पाठवाच, कारण समोरच्याने केलेली नोंद तुमच्या लॉगशी ताडून पाहिली जाते.