दुपारी दिवे गेले तर गोबी आणि कोळंबीची रात्र होते का?

प्रश्न (सोलापूर):
नमस्कार. माझ्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत पिवळा वॉचमन गोबी हा मासा आणि टायगर पिस्टल कोळंबी एकाच बिळात राहतात. रात्री टायमरने दिवा मालवला की दोघेही आत जातात आणि सकाळी बिळाचे तोंड वाळूने बुजलेले दिसते. उन्हाळ्यात दुपारी तासभर वीज गेली, तरीही दोघे आत शिरतात, पण तेव्हा तोंड उघडेच राहते. त्यांचा दिनक्रम उजेडावर चालतो की अंगभूत घड्याळावर? शिवाय अंधारात आतून टकटक ऐकू येते, ती कशाची?

उत्तर १:
तोंड बुजण्याची काळजी करू नये, समुद्रातही रात्री तसे होते. कोळंबीची नजर अधू असल्यामुळे बाहेर आल्यावर ती आपली एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते आणि धोका दिसून त्याने शेपूट फडफडवताच मागे फिरते. माशाचा पहारा डोळ्यांचा आहे, आणि अंधारात डोळे निकामी! म्हणून सकाळी आधी मासा बाहेर येतो, मग कोळंबी वाळू उपसू लागते. दिवसभर ती वाळू उपसत असते म्हणूनच तोंड उघडे राहते. ते काम रात्रभर थांबले की वाळू ढासळते, तासाभरात तेवढी ढासळत नसावी. तेव्हा कोळंबीला स्वतःचे घड्याळ असले, तरी तिच्या बाहेर येण्याची वेळ पहारेकरीच ठरवतो, असे माझे मत आहे.

उत्तर २:
वरील उत्तर पटते, मात्र कोळंबी रात्री निजते असे समजू नये. आत तिची खोदकामे चालू राहू शकतात. टकटक तिच्या मोठ्या नांगीची असावी: नांगी झटक्यात मिटली की पाण्याची धार सुटते, तिच्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना आवाज होतो. नांगीची दोन टोके एकमेकांवर आपटून नव्हे, तर बुडबुड्यामुळे आवाज होतो, हे 2000 साली स्पष्ट झाले. उष्ण समुद्रांत या कुळातील असंख्य कोळंब्या एकत्र वाजतात, तेव्हा आपल्याकडे ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होतो आणि अनेक ठिकाणी तो पहाटे व संध्याकाळी वाढतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आता दिवा एकदम न मालवता हळूहळू मंद करून पाहीन, म्हणजे आधी कोण आत जातो ते नीट टिपता येईल. हवेचा पंप मात्र आजच इन्व्हर्टरवर जोडला आहे.