अनुभव धागा: रॅमोन्सचा पहिला अल्बम, ऐकताना आणि वाजवताना

रॅमोन्स या न्यूयॉर्कच्या पंक रॉक बँडचा, बँडच्याच नावाचा हा अल्बम २३ एप्रिल १९७६ रोजी आला. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमधल्या प्लाझा साउंड स्टुडिओत आठवडाभरात, सुमारे ६,४०० डॉलरमध्ये रेकॉर्ड झालेला. १४ गाणी, जेमतेम २९ मिनिटं. तो ओबडधोबड वाटतो, पण वाजवायला बसलं की त्यामागची शिस्त कळते आणि मग तो जास्तच आवडतो. ज्यांनी वाजवलाय किंवा कान देऊन ऐकलाय त्यांनी लिहा. कौतुक हवंच, पण सोबत नेमकं काय करायचं आणि कुठे बिघडतं तेही येऊ द्या.

तारकस
सुरुवात बॅलन्सच्या बटणापासून करा. या रेकॉर्डवर बास डाव्या बाजूला, गिटार उजव्या बाजूला आणि ड्रम्स व गाणं मध्ये आहे. बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेलात की बास जातो आणि गिटारवादक जॉनीची गिटार ड्रम्स-गाण्यासोबत स्वच्छ ऐकू येते, डावीकडे नेलात की गिटार जाते आणि बासवादक डी डीचा बास उरतो. गाणं बसवण्यासाठी याहून चांगली सोय नाही. मात्र एकच इअरफोन कानात घालून ऐकलंत तर गिटार किंवा बास गायब होतो, आणि 'आवाज पातळ आहे' अशी तक्रार बहुतेक तिथूनच येते.

खालचा_ठोका
गिटारचा सगळा जीव डाउनस्ट्रोकमध्ये आहे. प्रत्येक आघात वरून खाली. 'ब्लिट्झक्रीग बॉप' साधारण १७५ बीपीएमचं (मिनिटाला १७५ ठोके) आहे, प्रत्येक ठोक्याला दोन आघात, म्हणजे मिनिटाला ३५०, सेकंदाला जवळपास सहा. खाली-वर वाजवलंत तर वेग सहज मिळतो, पण खालून वर जाणारा आघात बारीक तारांवर आधी पडतो, त्यामुळे आवाज एकआड एक पातळ होतो आणि तो धडधडता एकसारखेपणा जातो.

सरावाची रीत: मेट्रोनोम १२० वर, फक्त एक बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरलेला कॉर्ड), दोन मिनिटं न थांबता. जमलं की पाचने वाढवा. हात आखडला की दहाने मागे या, रेटू नका. हात आखडतो तो दोन कारणांनी: पिक (तार छेडायची चकती) घट्ट आवळल्यामुळे आणि तार खोलवर ओरबाडल्यामुळे. पिकचं टोक बोटांबाहेर तीन-चार मिलिमीटरच ठेवा, हालचाल मनगटातून करा, कोपरातून नाही. पिक ०.७ ते ०.९ मिमी. त्याहून जाड असेल तर वेगात अडकतं.

मुख्य चाल तीन कॉर्डची: ए, डी, ई. ए पाचव्या फ्रेटवर, डी तिथेच ए-आकारात (साध्या ए कॉर्डसारखी बोटं ठेवून), ई तोच आकार सातव्यावर. हात फार फिरत नाही. डाव्या हाताने गरजेपेक्षा जास्त दाबलं तर कॉर्डचा सूर वर चढतो आणि गिटार बेसूर वाटते. ट्यूनिंग वारंवार तपासूनही फरक पडत नसेल तर दाब कमी करून बघा.

गेन_कमी
वरच्याला जोडून. घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर बहुतेक जण गेन (आवाज फाटवणारं बटण) नऊवर नेतात आणि चिखल होतो. इथे पूर्ण बार कॉर्ड वाजतात, म्हणजे तिसरा स्वरही त्यात असतो. जास्त डिस्टॉर्शनमध्ये (फाटलेल्या आवाजात) तो बाकीच्यांशी घासतो आणि कॉर्ड ओळखू येत नाही. गेन ४-५, मिड ६-७, बासचं बटण ४, आणि गिटारवर ब्रिजजवळचा पिकअप. जॉनीची मॉसराइट गिटार मोठ्या आवाजातल्या मार्शल अ‍ॅम्पवर चालायची, तिचा कडकपणा त्या आवाजातून येतो.

चार_तारा
बासवाल्यांनो, बोटांनी नको, पिकनेच. कॉर्डचा मूळ स्वर, सलग आठव्या मात्रा (एका ठोक्याला दोन स्वर). मधे सजावट घातली की गिटार आणि बास एकमेकांपासून सुटतात. कॉर्ड बदलताना अर्ध्या मात्रेचा उशीर इथे लगेच कानात येतो, कारण लपायला काहीच नाही.

हायहॅट
ड्रमर टॉमी आधी बँडचं व्यवस्थापन बघायचा. ड्रमर मिळेना म्हणून स्वतःच बसला, आणि त्याच्या साधेपणानेच हा अल्बम तोलला आहे. उजवा हात हाय-हॅटवर सलग आठव्या मात्रा, स्नेअर दोन आणि चारवर. नवखे ड्रमर प्रत्येक चार ओळींनंतर फिल (मधली सजावटीची वाजवणी) टाकतात आणि तिथेच वेग वाढतो. फिल निम्मे करा.

घसा
आरोळी मारताना ओरडू नका, ठसक्यात बोला. 'ब्लिट्झक्रीग बॉप'मधल्या 'हे हो' ची कल्पना टॉमीला बे सिटी रोलर्स या बँडच्या 'सॅटर्डे नाइट'मधल्या घोषणेवरून सुचली होती, म्हणजे मुळात ती गर्दीने एका सुरात म्हणायची गोष्ट आहे. तीन-चार जणांनी म्हटली तरच रंगते. गायक जोई शब्द ओढून, नाकातून, पण सुरात गातो. 'आय वॉना बी युवर बॉयफ्रेंड' गाऊन बघा, तिथे घसा लपत नाही. गोड, सरळ प्रेमगीत आहे, आणि सगळ्या गोंगाटाच्या मधोमध त्याला केवढी जागा दिली आहे!

तारकस
एक राहिलं. २०१६ च्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत निर्माता क्रेग लिऑनने केलेलं मोनो मिक्सही (डावं-उजवं वेगळं नाही, सगळं एकत्र) आहे. एका स्पीकरवर किंवा पार्टीत लावायचं तर तेच घ्या, सगळे एकदम अंगावर येतात. शिकण्यासाठी मात्र जुनं स्टीरिओच ठेवा.