ग्लोव्हबॉक्सचा खटका: गोंदापेक्षा पिन बरी
गाडीच्या ग्लोव्हबॉक्सचा (डॅशबोर्डमधल्या झाकणाच्या कप्प्याचा) तुटलेला खटका झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडावा, अशी एक सूचना मिळाली होती; ती मी पाळून पाहिली. परंतु जोड आठवड्याभरात निखळला, कारण झाकण लावताना सगळा धक्का नेमका खटक्याच्या अरुंद जिभेवर येतो. त्यातच भाग पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा असेल (आतल्या बाजूस बहुधा ‘पीपी’ अशी खूण असते), तर साधा गोंद त्यावर धरतच नाही. दुसऱ्या खेपेस मी खटका सोडवून घेतला, सोल्डरिंग आयर्नने (डाख देण्याच्या, विजेवर तापणाऱ्या हत्याराने) तापवलेली स्टेपलरची पिन भेगेला आडवी रुतवली आणि वरून तेच प्लॅस्टिक वितळवून सारखे केले. हे काम खिडकीपाशी करावे, धूर घशाला लागतो. मात्र त्याआधी जीभ समोरच्या खाचेत सरळ बसते का, हे तपासावे. बिजागरी ढिली असल्यास नवा खटकाही टिकणार नाही.