बी विंगचा सायलेन्सर
(सोसायटी ग्रुप, सोमवार)

बापट काका (बी-१०१), ५:५२
सर्व सभासदांस नमस्कार. आज पहाटे दूध घ्यायला दार उघडले असता बी-३०२ यांच्या बोक्याने माझ्या घोट्याचा चावा घेतला. ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळी मी गप्प बसलो. आता बसणार नाही.

साने (सी-१०४), ५:५५
जिन्यातला दिवा गेलाय. तीन आठवडे झाले.

जोग आजी (ए-२०२), ६:०१
सुप्रभात. आजचा दिवस आनंदाचा जावो. 🙏

सई (बी-३०२), ६:४०
काका, खूप सॉरी. कचरेवाल्या मावशींना दार उघडलं तेव्हा निसटला वाटतं. रक्त आलंय का?

बापट काका
दोन भोके आहेत. हळद दाबली आहे.

मेधा काकू (सी-२०३)
बापट, ती हळद आधी धुऊन काढा. साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून भोक बारीक दिसतं आणि आत खोल गेलेलं असतं, म्हणून चिघळतं. पट्टी बांधू नका. रेबीजची लस आजच सुरू करा.

बापट काका
पोटात १४ इंजेक्शने घ्यायला मला सवड नाही.

अद्वैत (ए-४०१)
काका, ते कधीच बंद झालं. आता दंडात देतात. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कमला नेहरू हॉस्पिटलला महापालिका फुकट देते.

बापट काका
फुकट म्हणजे रांग.

अद्वैत
गाडीवर सोडतो. ९ वाजता खाली या.

सेक्रेटरी
पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी मनाई करू शकत नाही, हे मागच्या बैठकीत झाले आहे. मात्र जिन्यात मोकळे सोडू नयेत, हेही झाले आहे. सई, बोक्याची लस? आणि महापालिकेचा परवाना? २०२२ पासून मांजरांनाही लागतो.

सई
रेबीजची लस ऑगस्टमध्ये झाली, कार्डाचा फोटो टाकते. परवाना राहिलाय, या आठवड्यात काढते.

साने
परवाना निघेल. दिवा कधी लागणार?

केळकर (ए-१०३)
वर्तमानपत्राची गुंडाळी करून एक फटका ठेवून द्या. आमच्या टॉमीला असंच सरळ केलं.

मेधा काकू
तुमचा टॉमी अजून वॉचमनवर धावतो.

केळकर
तो विषय वेगळा आहे.

अद्वैत
मुळात नावच सायलेन्सर. फाटका सायलेन्सर चावणार नाही तर काय करणार? पीयूसी काढून घ्या.

सई
अरे, जूनच्या पावसात तुझ्याच बुलेटच्या सायलेन्सरला चिकटून बसला होता. मूठभर जीव, महिन्याचा असेल. आई नाही, भावंडं नाहीत. मेधा काकू, खरंच काय करू? माझे दोन्ही हात ओरबाडलेत. मीटिंगमध्ये कॅमेरा लावत नाही आता.

मेधा काकू
ऐक. आमच्या पेठेतल्या वाड्यात एका वेळी सात मांजरं असायची, त्यावरून सांगते. पिल्लू भावंडाला जोरात चावलं की भावंड किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आई पंजा मारते. अडीच-तीन महिन्यांपर्यंत असं झालं की चावायचं किती, ते त्याला कळतं. याला सांगणारं कुणी नव्हतं, आणि तू हाताची बोटं नाचवून खेळवलंस. खेळवलंस ना?

सई
हो. गोड दिसायचं तेव्हा.

मेधा काकू
आता हात बंद. सगळ्यांचेच, पाहुण्यांचेसुद्धा. चावला की हात ओढू नकोस, ओढला की त्याला उंदीर पळाल्यासारखं वाटतं आणि पकड आणखी घट्ट होते. हात सैल सोड, तो सुटला की उठून दुसऱ्या खोलीत जा, दोन मिनिटं. ओरडू नकोस, पाणी उडवू नकोस, त्याने तो तुलाच घाबरायला लागेल. लांब काठीला चिंधी बांध, पहाटे आणि तिन्हीसांजेला दहा-दहा मिनिटं पळव, तेव्हाच यांच्या अंगात येतं. शेवटी चिंधी त्याला पकडू दे आणि लगेच खायला घाल. शिकार, जेवण, मग अंग चाटून झोप. दात पण पडत असतील आता.

सई
काल उशीवर तांदळाएवढा दात सापडला!

मेधा काकू
म्हणजे हिरड्या शिवशिवतायत. सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत पक्के येतील. आणि कुरवाळताना शेपटी फटकारायला लागला, कान मागे गेले, पाठीचं कातडं थरथरलं, की हात काढायचा. तो आधी सांगतो गं, आपणच बघत नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशनचंही डॉक्टरांना विचार.

केळकर
एवढं आम्ही आमच्या मुलांचं केलं नाही.

मेधा काकू
दिसतं.

(केळकर यांनी हा मेसेज डिलीट केला.)

सेक्रेटरी
विषयांतर नको. जाता जाता, गणपतीची वर्गणी अजून चार फ्लॅटची बाकी आहे. नावे घेत नाही.

केळकर
मग रोख कुणाकडे आहे?

साने
वर्गणीतून दिवा येईल का? तीन आठवडे आणि आता एक दिवस.

बापट काकू (बी-१०१), ८:२०
मेधा, नाडीने खेळवलं तर चालतं का गं?

मेधा काकू
कसली नाडी?

बापट काकू
लेंग्याची. हे झोपलेले असतात, मी पाचला उठते. तो दारात येऊन बसतो बिचारा. मी नाडी पायाच्या अंगठ्याला बांधून फरशीवर फिरवते. मस्त उड्या मारतो. मग जरा साय देते.

सई
काकू!! म्हणून त्याचं पोट रोज बिघडलेलं असतं.

अद्वैत
म्हणजे दारातून लेंगा बाहेर आला, की खेळ सुरू. काका, तुम्ही खेळणं आहात.

बापट काका
कुमुद, हा ग्रुप आहे.

बापट काकू
माहीत आहे. घरात तुम्ही ऐकत नाही.

मेधा काकू
कुमुद, पायाला बांधून नको आणि नाडी तिथे टाकून तर अजिबात नको. दोरा-नाडी गिळली तर आतड्यात अडकते, थेट ऑपरेशन. दूध-सायही नको, बऱ्याच मांजरांना पचत नाही.

बापट काकू
बरं बाई. सई, मी काठी घेऊन वरच येत जाईन.

सई
या ना काकू. पण पाचला नको.

सेक्रेटरी
बापट साहेब, तक्रार लेखी नोंदवायची आहे का?

बापट काका, ११:३५
मी रांगेत आहे. पुढच्या गृहस्थांना कुत्रा, मागच्या बाईंना माकड. बोका म्हटल्यावर दोघांनी माझ्याकडे पाहिले. तक्रारीचे नंतर बघू.

मेधा काकू
सायलेन्सरवर दहा दिवस लक्ष ठेवा. तो ठणठणीत दिसला तरी पुढच्या तारखा मनाने बुडवू नका, डॉक्टर सांगतील तसं.

बापट काकू
अहो, येताना नाडी आणा. तुमची एकच उरली आहे.

साने
आणि ९ वॅटचा बल्ब.