हौसाबाईंनी ‘नाटक’च केलं म्हणे!

शहापूरची_सून: परवा २३ सप्टेंबरला स्वातंत्र्यसैनिक हौसाबाई पाटलांच्या स्मृतिदिनाची पोस्ट टाकली, त्याखाली एका शहाण्यानं लिहिलंय, "क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक म्हणून नाव झालं, पोलीस ठाण्यापुढं नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक केलं, याला क्रांती म्हणायचं तर आमच्या गल्लीत रोज होते." दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच. अहो ते सांगली जिल्ह्यातल्या भवानीनगरचं ठाणं होतं. तूफान सेनेतला, म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलातला, एक गडी नवरा झाला, हौसाबाईंना बडवायला लागला, पोलीस सोडवायला बाहेर आले तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका लांबवल्या. मार खराच खाल्ला बाईनं. आणि लेक म्हणून मिळालं काय? आई तिसऱ्या वर्षी गेली, बाप भूमिगत, घर-जमीन इंग्रजांनी जप्त केलेली. हाच वारसा.

खडेबाजार_७: शहाणा मीच, नमस्कार. पण ताई, बंदुका उचलल्या कोणी? पुरुषांनीच ना. बंगालच्या प्रीतिलता वड्डेदारनं १९३२ ला चितगावजवळ पहाडतळीच्या युरोपियन क्लबवरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलं, सापडायची वेळ आली तेव्हा सायनाइड खाल्लं. भगतसिंगांच्या साथीदार दुर्गाभाभी १९३० ला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गोळीबारात होत्या. त्याला म्हणतात क्रांती. असंच चाललं तर उद्या डबा पोचवणारी पण क्रांतिकारक.

शहापूरची_सून: दुर्गाभाभी काढल्यात ते बरं झालं. इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर १९२८ ला भगतसिंगांना लाहोरातनं बाहेर काढताना त्या काय झाल्या होत्या? भगतसिंगांची बायको! सोबत स्वतःचं लहान पोर, राजगुरू नोकर. नाटकच की ओ ते! आगगाडीत केलं तर क्रांती आणि भवानीनगरात केलं तर तमाशा?

म्हादईकाठचा: गोव्याचं कोण बोलतच नाही. पणजीला पोर्तुगीजांच्या तुरुंगात अडकलेल्या बाळ जोशी या सहकाऱ्याला भेटायला हौसाबाई बहीण म्हणून गेल्या, पळून जायचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात. परत येताना रात्री लाकडी पेटीवरनं मांडवी पार केली. मांडवी म्हणजे आमचीच म्हादई, खानापूर तालुक्यात देगावला उगम. आता त्या पाण्यावरनं कळसा-भांडुरा, म्हणजे पाणी वळवायची योजना, गोवा एकीकडं कर्नाटक एकीकडं, वकिलांचं पोट भरायलंय आणि आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर...

खडेबाजार_७: आली म्हादई. आता सीमावादातलं जत-अक्कलकोट पण येऊ दे.

अनगोळकर: राणी चन्नम्मांचा कित्तूरचा उत्सव दरवर्षी थाटात होतोय, हौसाबाईंचा फोटो तरी दिसतोय का कुठं आपल्या बेळगावकडं?

शहापूरची_सून: राणी चन्नम्मांना यात ओढू नका हं. १८२४ ला कलेक्टर थॅकरेच्या फौजेपुढं उभी राहिलेली बाई ती. माझं माहेर बैलहोंगलचं, तिथंच कैदेत गेल्या त्या. लहानपणी त्यांच्या समाधीला फुलं वाहिलीत मी, तेव्हा भाषा कोणी विचारली नव्हती.

तंबाखूवाली_निपाणी: ते "डबा पोचवणारी" वाचून जेवण गेलं नाही मला. माझी आजी डबेवालीच. निपाणीच्या पुढं आमचं खेडं, तेव्हा हा मुलूख इंग्रजांचा आणि पलीकडं कोल्हापूर संस्थान, भूमिगत पोरं हद्द बघून इकडची तिकडं व्हायची. आजी रात्री चूल पेटवायची, धूर दिसू नये म्हणून दाराला घोंगडं. भाकऱ्या ओल्या फडक्यात, फडकं बुट्टीत, वर गवत. पहाटे वैरणीला चालल्यासारखं रानात. ‘किती जण आहेत’ विचारायचं नाही, भाकऱ्या संपल्या की उरल्या त्यावरनं ओळखायचं. पुढं पेन्शनचा अर्ज केला तर केंद्राच्या नियमात सहा महिने जेल, बायकांना तीन, नाहीतर भूमिगत असल्याचा कागद. कचेरीतला माणूस विचारतोय, "आज्जी, जेलात किती दिवस होता?" आजी म्हणाली, "मी जेलात गेले असते तर भाकऱ्या कोण तुझ्या आईनं केल्या असत्या?" फाइल तिथंच मिटली. वर १९५६ ला आमचा भाग मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलेला, हा म्हणतोय कागद मुंबईकडं बघा, तो म्हणतोय बेंगळूरकडं. चार वर्षं एसटीची तिकिटं साठली, पेन्शन नाही.

खडेबाजार_७: वाईट वाटलं, खरंच. पण कागद मागायला नको का? बीडचं बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण आठवा. जन्माला न आलेली माणसं पण लढ्यात होती म्हणायची पाळी.

तंबाखूवाली_निपाणी: बोगस बीडला आणि शिक्षा माझ्या आजीला? लई न्यायी हो तुम्ही!

अनगोळकर: आमच्या काकांना पण असंच, सोबतच्या कैद्याचा दाखला आणा म्हणाले, सोबतचा कैदी मेलेला.

म्हादईकाठचा: आमच्याकडं पण एक फाइल आहे. वाळवीनं अर्धी खाल्लीय.

शहापूरची_सून: हौसाबाईंचा धागा होता ओ हा 😀

खडेबाजार_७: बरं बाई, दुर्गाभाभींचा मुद्दा मान्य. हौसाबाई क्रांतिकारक. आजींचं मात्र "क्रांतीला मदत" म्हणतो, यापुढं जाणार नाही.

तंबाखूवाली_निपाणी: नका जाऊ. पोरं उपाशीपोटी रेल्वे लुटायला गेली असती म्हणा मग.

खडेबाजार_७: ...भाकरी कसली होती, जोंधळ्याची का?

तंबाखूवाली_निपाणी: जोंधळ्याचीच. आणि वर खर्डा. तुम्हाला मिळणार नाही.