गुलामगिरीची भरपाई: मालकांना मिळाली, वंशजांना का नाही?

चर्चाप्रस्ताव

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली आणि ती मिळाली मालकांना. मोकळ्या झालेल्या सुमारे आठ लाख माणसांच्या हाती छदामही पडला नाही. उलट ‘उमेदवारी’ म्हणजे शिकाऊपणा, या गोंडस नावाखाली त्यांच्यापैकी बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. भरपाईच्या तक्त्यांत शेतमजूर, घरगडी असे रकाने होते. सहा वर्षांखालील मुलांचा रकाना वेगळा आणि ‘म्हातारे, आजारी वा निकामी’ यांचाही वेगळा. दुधाचे दात न पडलेल्या पोराची किंमत तेव्हा पौंडांत लावता आली; आज कॅरिबियन देशांनी भरपाई मागितली की पहिला आक्षेप ‘हिशेब कसा करणार’ असा येतो, याचे मला नवल वाटते.

प्रतिसाद १

त्या भरपाईसाठी काढलेले कर्ज २०१५ साली फिटले. मी चौदा वर्षे इंग्लंडात नोकरी केली, म्हणजे त्या फेडीत माझ्या पगारातून कापलेला करही गेला असणार. आता वंशजांची भरपाईही माझ्यासारख्यांनीच द्यायची काय? माझे खापरपणजोबा तेव्हा रत्नागिरीत खोताच्या शेतावर वेठ करीत होते. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने जपानी वंशाच्या नागरिकांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले, ते दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या आणि कायद्याच्या वेळी हयात असलेल्या माणसांना. इथे देणारा अन् घेणारा, दोघेही मूळ व्यवहारात नाहीत.

धागाकर्ता

कर्ज तरी तुम्ही कुठे काढले होते? तरीही फेडलेत, कारण देणे राज्याचे होते आणि राज्य माणसासारखे मरत नाही. कर्जरोखा कितीही हातांतून गेला तरी शेवटच्या धारकाचा हक्क मान्य होतो, मजुराच्या वारसाचा मात्र नाही. आणि घेणारा सापडणार नाही म्हणाल, तर जमैकातील गुलामांच्या १८१७ पासूनच्या नोंदवह्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत नाव आहे, वय आहे, मालकही आहे.

प्रतिसाद १

नाव आहे, पण बहुधा नुसतेच; आडनाव नाही. त्यावरून सात पिढ्यांचा वारसदाखला कोणते कार्यालय देणार? तुमचा राज्याचा मुद्दा मला खोडता येत नाही, हे कबूल. पण मग पैसे एका सरकारकडून दुसऱ्या सरकारच्या तिजोरीत जातील, आणि तिथून मळ्यातल्या मजुराच्या पणतवंडापर्यंत किती झिरपतील?

प्रतिसाद २

झिरपण्याची ही शंका मॉरिशसपुरती अगदी खरी आहे. तिथल्या मालकांनाही वीस लाख पौंडांहून अधिक मिळाले आणि गुलाम सुटताच त्याच उसात गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, आले. मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही त्यांत होते. गिरमिट ही गुलामगिरी नव्हे, हे आपल्या लोकांना ऐकायला आवडत नाही, पण करार संपल्यावर पुढे काहींना मळेवाल्यांनी विकायला काढलेले जमिनीचे तुकडे घेता आले आणि एक पायरी चढता आली. आज सत्तेत वजन आहे ते बहुतांशी भारतीय वंशाच्या लोकांचे. क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशजांची, कुटुंबे मागेच राहिली. उद्या लंडनहून रक्कम आलीच, तर ती वाटणार आपलेच भाऊबंद. तिथल्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न मांडला होता. रोख रकमेपेक्षा त्या जमिनींचे कागद आधी तपासावेत, असे मला वाटते, आणि त्यासाठी लंडनची वाट पाहण्याचे कारण नाही.