मदत हवी आहे: वस्तऱ्याला पुरेशी धार लागली की नाही, कोणती परीक्षा खरी मानू?

नवा_वस्तरा
आजोबांचा वस्तरा आहे. दोन रविवार दगडावर घासण्यात गेले, नंतर चामड्याच्या पट्ट्यावरही फिरवला. हातावरचे केस सपासप निघतात, मनगटाजवळ पार चट्टा पडलाय. पण डोक्याचा एक केस चिमटीत धरून धारेवर टेकवला तर तो तुटत नाही, वाकतो आणि घसरतो. तरी आज गालाला लावलाच. केस ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, दोन ठिकाणी साल निघालं. एक परीक्षा सांगते धार आली, दुसरी सांगते नाही आली. विश्वास कुणावर ठेवायचा? कृपया 'सरावाने कळेल' सांगू नका. उद्या सकाळी पुन्हा दाढी करायची आहे.

भिंग
दगड कोणते, किती ग्रिटचे, म्हणजे किती बारीक कणांचे? वस्तऱ्याच्या पाठीला, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेला, टेप लावली होती का? पट्ट्यावर किती वेळा? केस धुतलेला होता की तेलाचा? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

जुनं_लोखंड
केसबिस सोडा. अंगठा ओला करा, त्याचं पोट धारेवर आडवं, अगदी अलगद टेकवा. धारेच्या लांबीने चुकूनही सरकवू नका. धार आली असेल तर कातडीला ती चिकटल्यासारखी लागते, अंगठा आपसूक थांबतो. आली नसेल तर गुळगुळीत लागते. मी वीस वर्षं एवढ्यावरच ठरवतो.

रेशीमधार
नवशिक्याला अंगठा लावायला सांगू नका हो! तुमच्या बोटाला वीस वर्षांची ओळख आहे, त्यांच्या बोटाला नुसती जखम होईल. केसाची परीक्षा चांगलीच आहे, फक्त ती आधी जुळवून घ्यावी लागते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे एकाचा केस दुसऱ्याच्या दुप्पट जाड असू शकतो. त्यामुळे एकाच डोक्याचा, धुऊन वाळवलेला केस घ्या, दर वेळी एकाच बाजूने धरा, कारण मूळ धरलं की टोक यानेही निकाल बदलतो. तोच केस आधी कोऱ्या ब्लेडवर टेकवून बघा. तिथेही वाकला तर दोष केसाचा.

जुनं_लोखंड
म्हणजे दाढीआधी केस धुवा, वाळवा, मोजा, कोरं ब्लेड आणा. एवढ्यात माझी दाढी होऊन जाते.

शांत_सकाळ
साल निघालंय तिथे ओली तुरटी फिरवा. आणि वस्तरा ठेवताना बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा, गंज तिथूनच सुरू होतो. माझा एक चांगला वस्तरा असाच गेला, अजून हळहळ वाटते.

नवा_वस्तरा
तेल घालतो, पण तो प्रश्न नव्हता. दगड १०००, ५००० आणि ८०००. टेप फक्त १००० वर लावली, पाठीवरची जुनी नक्षी झिजू नये म्हणून. पुढचे दगड बारीक, तिथे फारशी झीज होत नाही म्हणून काढली. पट्ट्यावर ३० वेळा. केस धुतलेलाच होता. आता परीक्षेचं सांगा.

रेशीमधार
पट्ट्यावर ३० कमी पडतात, ६० करा. पाठ पट्ट्याला टेकलेली हवी, पाठ पुढे आणि धार मागे. उलटवतानाही पाठीवरच उलटवा.

भिंग
थांबा, पट्ट्याने हे सुटणार नाही. गाठ टेपमध्ये आहे. वस्तऱ्याचा कोन ठरतो पाठीच्या जाडीवर. टेपने पाठ साधारण ०.१५ मिमी उचलली जाते. पातं १६ मिमी रुंद धरलं तर दर बाजूला कोन अर्ध्या अंशाने वाढतो. तुम्ही १००० वर त्या वाढलेल्या कोनात धार काढलीत, मग टेप काढून ५००० आणि ८००० फिरवले. ते दगड धारेच्या मागचा उतार घासत राहिले, कडेपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणजे गालाला लागली ती १००० ची धार. ती हातावरचे केस काढते, पण लटकता केस तोडत नाही आणि दाढी ओढते. तुमच्या दोन्ही परीक्षा खरंच सांगत होत्या! हातावरचे केस ही पहिली पायरी, लटकता केस बराच पुढचा.

खात्री करायची तर मार्करने धारेचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवा. टेप न लावता, जोर न देता ८००० वर एकेकदा फिरवा आणि उजेडात बघा. कडेला शाईची रेघ उरली तर मी म्हणतो तेच.

जुनं_लोखंड
म्हणूनच मी टेप कधी लावत नाही. पाठ आणि धार सोबत झिजली की कोन आयुष्यभर तोच राहतो.

रेशीमधार
आजोबांच्या वस्तऱ्याची नक्षी घासून टाकायची? लावा, पण पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत लावा. दगड बदलला की टेपही नवी.

धारदार_प्रश्न
नखावर धार ओढून बघतात ते बरोबर का?

भिंग
१००० नंतर खाच अडकते का ते शोधायला चालेल. शेवटच्या धारेवर नको, नखाने तीच बिघडते.

नवा_वस्तरा
रात्रीच करून पाहिलं. शाई मागून पुसली गेली आणि कडेला केसाएवढी काळी रेघ तशीच राहिली, टोकापासून टाचेपर्यंत. नवी टेप लावून ५०००, पुन्हा नवी लावून ८०००, मग टेप काढून पट्ट्यावर ६०. पाच केसांपैकी तीन तुटले, आवाजही न करता. सकाळी तोंड भिजवून तीन मिनिटं थांबलो, मग साबण. दोन्ही गाल अगदी मऊ झाले, आजोबांची आठवण आली. भिंग, मनापासून आभार. हनुवटीखाली मात्र अजून ओढतंय. परत दगडावर नेऊ?

भिंग
लगेच नको. गाल झाले म्हणजे धार आहे. हनुवटीखाली केस कुठल्या दिशेने वाढतात ते कोरड्या चेहऱ्यावर बोट फिरवून बघितलंत का? आणि तिथे कातडी ताणून धरली होती?

नवा_वस्तरा
ताणली नव्हती. मानेवर केस आडवे वाढलेत, आत्ता कळलं.